अर्थची पिन काढायला सांगू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत, घरच्या घरी गिटारचे व्हॉल्व्हचे (जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांचे) अँप्लिफायर बनवणाऱ्या पोरांवरचा लेख वाचला. काचेतला तो तांबूस उजेड फोटोत बघून वडिलांचं रेडिओचं दुकान आठवलं. ज्या कोल्हापुरात चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवला, तिथली पोरं आज हातात सोल्डरिंग आयर्न धरतायत, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण लेखाच्या शेवटी चौकटीत जे सल्ले छापलेत, त्यातला एक असा : अँपमधून सतत गुणगुण येत असेल तर प्लगमधली अर्थची पिन काढून बघा, आवाज बंद होईल. हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहितोय. आवाज कमी होतो, हे खरं आहे. माझ्या भाच्याचाही झाला होता.

मी उद्यमनगरात 34 वर्षं मोटर रिवाइंडिंग करतो. विहिरीवरच्या, गिरणीच्या, गुऱ्हाळाच्या मोटारी हे रोजचं काम, ट्रान्सफॉर्मरही गुंडाळतो. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी आला आणि म्हणाला, "मामा, व्हॉल्व्हचा अँप करायचाय. ट्रान्सफॉर्मर तुम्ही गुंडाळून द्याल?" वडिलांच्या पत्र्याच्या डब्यात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह कागदात गुंडाळून ठेवलेले होते. त्यातला एक ईसीसी 83 आणि एक ईएल 84 काढून दिला. एवढ्या दोन व्हॉल्व्हवर पाचेक वॅटचा अँप होतो, आणि गिटारला घरात तेवढा भरपूर होतो.

आऊटपुट ट्रान्सफॉर्मर करताना माझ्याकडून एक चूक झाली. ती सांगतो, कारण कुठल्याही रिवाइंडरकडून ती होईल. पॉवर ट्रान्सफॉर्मरचं स्टॅम्पिंग, म्हणजे ई आणि आय या अक्षरांच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या, आपण एकाआड एक उलटसुलट भरतो, हाताला तीच सवय. मी तसाच भरला. आवाज डब्यातून आल्यासारखा, जाड तारेचा खर्ज तर जवळजवळ नाहीच. एकाच आऊटपुट व्हॉल्व्हच्या अँपमध्ये प्रायमरीतून, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगमधून, सतत 48 मिलिअँपिअरच्या आसपास डीसी वाहत असतो. कोअरमध्ये, म्हणजे त्या लोखंडात, गॅप नसेल तर तो त्यानंच भरून जातो, सुरांना जागाच उरत नाही. मग सगळ्या ई एका बाजूनं, सगळ्या आय दुसऱ्या बाजूनं आणि मध्ये कागदाची पट्टी, असा पुन्हा भरला. तेव्हा त्यात जीव आला. 8 ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला साधारण 5,200 ओहमचा दिसला पाहिजे, म्हणजे वेढ्यांचा रेशो साडेपंचवीसला एक. आणि स्पीकर न जोडता असा अँप कधी वाजवू नका, प्रायमरीत इतकं व्होल्टेज उसळतं की इन्सुलेशन फुटतं.

अँप दुकानात चालवला तेव्हा स्वच्छ वाटला. शेजारी लेथ चालू असतात, त्या आवाजात बारीक गुणगुण ऐकू येण्यासारखी नव्हतीच. मग तो मंगळवार पेठेत मित्राच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत गेला. तिथं ही पोरं सरावाला जमतात. तिथल्या शांततेत गुणगुण लागली, आणि रेकॉर्डिंगसाठी अँपमधून आवाजाच्या मिक्सरला केबल जोडली की दुप्पट व्हायची. कुणीतरी सांगितलं, अर्थची पिन काढ. भाच्यानं प्लग उघडला, वरची जाड पितळी पिन उचलून बाजूला ठेवली आणि प्लग परत लावला. गुणगुण निम्म्यावर आली. पोरं खूश झाली.

हे चाललं जुलैपर्यंत. चार दिवस पावसाची झड लागलेली, खोलीतली शहाबादी फरशी ओल धरलेली, आणि हा अनवाणी. गिटार गळ्यात, डावा हात तारांवर, गायला म्हणून पुढं झुकला आणि ओठ माइकच्या जाळीला लागला. झटक्यासरशी मागं फेकला गेला, गिटार फरशीवर आपटली, ओठ आतून दाताखाली फाटला. रात्री फोन आला, "मामा, माइकमध्ये करंट उतरलाय." मी म्हणालो, "माइकमध्ये नाही रे, तुझ्या गिटारीत उतरलाय. उद्या येईपर्यंत कशाला हात लावू नकोस."

सकाळी मीटर घेऊन गेलो. एक प्रोब गिटारच्या तारेला, दुसरा माइकच्या जाळीला, जी अर्थला जोडलेली असते. मीटरवर 214 व्होल्ट एसी. माझी अक्का, म्हणजे त्याची आई, दारात उभी होती. तिला आकडा कळला आणि ती खाली बसली.

गिटारच्या तारा ब्रिजवरून आतल्या तारेनं केबलच्या जाळीला आणि जाळीतून अँपच्या चेसिसला जोडलेल्या असतात. म्हणजे चेसिसवर जे असेल, तेच वाजवणाऱ्याच्या बोटांत. चेसिस उघडून बघितलं तर स्विचजवळ 0.047 मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर, एक टोक मेनला, दुसरं चेसिसला. भाच्यानं सर्किटचा नकाशा जसाच्या तसा उतरवला होता. नकाशा जुन्या अमेरिकन अँपचा. त्या काळी तिकडं दोन पिनांचे प्लग होते, अर्थ नव्हती, म्हणून गुणगुण दाबायला असा कंडेन्सर ठेवायचे. अँप बनवणारे आज त्याला 'डेथ कॅप', म्हणजे जीवघेणा कंडेन्सर, म्हणतात. तिकडचं व्होल्टेज 120च्या आसपास, आपलं 230. आपल्याकडं त्या कंडेन्सरमधून 3.4 मिलिअँपिअर चेसिसवर येतो. माणसाला एक मिलिअँपिअरलाच झिणझिण्या जाणवतात, आणि दहाच्या पुढं गेलं की स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सोडता येत नाही. भाचा 3.4 वर सुटला. तो कंडेन्सर जुन्या रेडिओतून काढलेला होता. असे कंडेन्सर म्हातारे झाले की शॉर्ट होतात, आणि त्या दिवशी तो शॉर्ट झाला असता तर सरळ फेज तारांवर आला असता. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, असता तर काय, असं लोक विचारतात. घरातला आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा असतो. 3.4 ला तो जागचा हलत नाही. तरीही तो हवाच, कारण कंडेन्सर शॉर्ट झाल्यावर तोच वाचवतो.

भाचा म्हणाला, "पण मामा, मी कंडेन्सर न्यूट्रलच्या बाजूला लावला होता." बरोबर होतं त्याचं. म्हणून भिंतीवरचा बोर्ड उघडला. सॉकेटकडं तोंड करून बघितलं तर फेज उजवीकडं आणि न्यूट्रल डावीकडं पाहिजे. इथं उलटं. ज्या कुणी हा बोर्ड बसवला त्यानं दोन वायरी अदलाबदल केल्या आणि झाकण लावून निघून गेला. त्यामुळं भाच्याचा न्यूट्रल प्रत्यक्षात फेज होता, आणि अँपचा स्विच न्यूट्रल तोडत होता. स्विच बंद, दिवा बंद, पण ट्रान्सफॉर्मरपर्यंत आणि त्या कंडेन्सरपर्यंत फेज जिवंत. बोर्डातली अर्थची हिरवी वायर मात्र शाबूत होती, आणि मीटरवर, बल्ब लावूनही, चांगली निघाली. अर्थ भिंतीत होती. पिन काढून आपणच ती दाराबाहेर ठेवली होती.

आता पिन काढल्यापासून इतके महिने काही झालं नाही ते कसं? एरवी अँपमधून मिक्सरला केबल जोडलेली असायची, मिक्सरची अर्थ शाबूत होती, आणि त्या केबलची केसासारखी बारीक जाळी अँपची अर्थ म्हणून काम करत होती. त्या संध्याकाळी रेकॉर्डिंग नव्हतं, केबल काढून ठेवलेली होती. आपल्या चौकटीतला सल्ला ऐकून कितीतरी घरांत असेच अँप सहा महिने, वर्षभर बिनबोभाट चालतील, आणि एखाद्या दिवशी एक केबल निघेल.

कंडेन्सर कापून टाकला, सॉकेटच्या वायरी सरळ केल्या, पितळी पिन जागेवर बसवली. तारा ते माइक 0.2 व्होल्ट. आणि गुणगुण परत आली. इथंच पोरांचा धीर सुटतो, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहितो.

गुणगुण कुठून येते ते आधी कानानं ओळखता येतं, आणि वाजवणाऱ्याला तर फारच सोपं. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा तिसरा पडदा 98 हर्ट्झचा असतो. गुणगुण त्या सुराशी जवळजवळ जुळत असेल तर ती 100 हर्ट्झची, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरचा फिल्टर कंडेन्सर दमलेला. त्याच्या खालच्या सप्तकात असेल तर 50 हर्ट्झ, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वायरी किंवा अर्थचा फेरा (तो पुढं सांगतो). आमची खालच्या सप्तकातली होती. मग मी ईसीसी 83 सॉकेटातून उपसला. गुणगुण एकदम गेली. याचा अर्थ पॉवर सप्लाय आणि आऊटपुट व्हॉल्व्ह निर्दोष, चोर पहिल्या व्हॉल्व्हपाशी किंवा त्याच्याही आधी. असा एकेक व्हॉल्व्ह मागून पुढं उपसत गेलं की अर्धं घर आपोआप निकालात निघतं.

भाच्यानं हीटरच्या 6.3 व्होल्टच्या दोन वायरी एकमेकींपासून बोटभर लांब, सरळ, ग्रिडच्या, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आवाज आत जातो त्या टोकाच्या, वायरीला चिकटवून नेल्या होत्या. दिसायला फार सुबक. त्या काढून दोन्हींचा घट्ट पीळ घातला, चेसिसच्या कोपऱ्यातून नेल्या, आणि हीटरच्या वाइंडिंगला सेंटर टॅप, म्हणजे मधून काढलेली वायर, नव्हता म्हणून दोन्ही टोकांपासून 100-100 ओहमचा रेझिस्टर चेसिसला दिला. पीळ घातल्यावर दोन वायरींची चुंबकं एकमेकांना मारतात. गुणगुण इतकी उतरली की पंखा बंद केल्यावरच ऐकू येईल.

मिक्सरला केबल जोडल्यावर वाढणारी गुणगुण वेगळी. अँपलाही अर्थ, मिक्सरलाही अर्थ, दोन वेगळ्या बोर्डांतून, आणि मध्ये केबलची जाळी. हा झाला फेरा. त्यातून जो करंट फिरतो तोच स्पीकरमधून ऐकू येतो, आणि कंडेन्सरचा 3.4 मिलिअँपिअर त्यात भर घालत होता. हा फेरा तोडायचा तो आवाजाच्या वायरीत तोडायचा, जिवाच्या वायरीत नाही. दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावले, आणि मध्ये 600 ओहमचा वन-टू-वन ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकला, जाळी एकाच टोकाला जोडली. मूठभर वस्तू आहे. ज्याला पिन काढाविशी वाटते त्यानं ही घ्यावी.

दोन आठवड्यांनी दुसरी तक्रार आली. अर्धा तास वाजवलं की आवाज फाटतो, आणि ईएल 84 ची प्लेट, म्हणजे काचेतला पत्रा, लालसर दिसते. आधी व्हॉल्व्ह चालू असतानाच कॅथोडवरचे, म्हणजे ज्या टोकातून व्हॉल्व्हचा सगळा करंट जातो तिथले, व्होल्ट मोजले. तिथं 150 ओहमचा रेझिस्टर आहे, साडेसात व्होल्टच्या आसपास हवेत, म्हणजे 50 मिलिअँपिअर. सुरुवातीला तेवढेच होते. मग आम्ही दोघं मीटर लावून बसलो. दहा मिनिटांनी साडेआठ, वीस मिनिटांनी दहा, आणि अर्ध्या तासाला 11 व्होल्ट. म्हणजे 73 मिलिअँपिअर. प्लेटवर 250 च्या आसपास व्होल्ट, तर व्हॉल्व्ह 15 वॅटच्याही पुढं जळतोय, आणि त्याची मर्यादा 12. पोरं अशा वेळी नवा व्हॉल्व्ह आणतात, तोही लाल होतो, मग तिसरा आणतात. व्हॉल्व्हचा दोष नसतो. अँप गरम असतानाच बंद केला, ईएल 84 उपसला, परत चालू करून रिकाम्या सॉकेटची दोन नंबरची पिन मोजली. ग्रिडवर शून्य हवं, तिथं अधिक 5 व्होल्ट. मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून आवाज पुढं देणारा 0.022 मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर गरम झाला की त्यातून डीसी झिरपत होता. तोही जुन्या रेडिओतलाच. नवा फिल्म कंडेन्सर, 630 व्होल्टचा, बसवला. तेव्हापासून कॅथोड साडेसातवर स्थिर आहे. वडिलांच्या डब्यातले व्हॉल्व्ह साठ वर्षांनी वाजतात, कागदी कंडेन्सर मात्र वाजवू नयेत. ते ठेवायचे तर आठवण म्हणून ठेवावेत.

याच वेळी भाचा सोल्डरिंगला हात घालत होता. मी मनगट धरलं. "बंद केलंय की मामा." बंद केलं होतं, पण ईएल 84 उपसलेला होता, म्हणजे साठलेली वीज उतरवणारा गडीच जागेवर नव्हता. फिल्टर कंडेन्सरवर मीटर लावून दाखवला, बंद करून पाच मिनिटं झाली होती आणि 190 व्होल्ट उभे होते. त्या दिवशी तिथं 220 किलोओहम, दोन वॅटचा रेझिस्टर कायमचा आडवा बसवला. आता दोन मिनिटांत खाली येतं. तरीही मोजल्याशिवाय हात घालायचा नाही, मोजताना काळा प्रोब क्लिपनं चेसिसला अडकवायचा आणि डावा हात पाठीमागं ठेवायचा. पंख्याचा कंडेन्सर स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करायची आपल्याकडं सवय आहे, ती इथं आणू नका. ठिणगीनं कंडेन्सरही बिघडतो आणि डोळ्यालाही इजा होते.

नवा बांधलेला किंवा दुरुस्त केलेला अँप पहिल्यांदा सिरीज बोर्डवरच चालू करावा. 60 वॅटचा तारेचा बल्ब सिरीजला. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. तारेचे बल्ब आता लक्ष्मीपुरीतही शोधावे लागतात, मिळाले तर चार घेऊन ठेवा.

आपल्याकडं विनंती एवढीच की, त्या चौकटीतला सल्ला चुकीचा होता हे येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावं. सात-आठ ओळी पुरतील. सल्ला देणाऱ्याचं नाव छापायची गरज नाही, त्यानं कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असणार आणि त्याच्या हेतूवर माझा संशय नाही. त्यासोबत घरमालकांनाही एक ओळ लिहा. खोली सरावाला देताना वायरमनला बोलावून सॉकेटचा फेज-न्यूट्रल आणि अर्थ तपासून घ्या, आणि अर्थ तपासताना नुसत्या टेस्टरवर किंवा मीटरवर विसंबू नका, लोड देऊन बघायला सांगा. तुटलेली अर्थही मीटरवर काहीतरी आकडा दाखवते. हे काम वायरमनचंच आहे, पोरांनी स्वतः करू नये, कारण अर्थ खराब असताना फेजमधून तिच्यावर बल्ब लावला तर घरातली अर्थला जोडलेली प्रत्येक लोखंडी वस्तू जिवंत होते.

पेठांतली, उपनगरांतली जी पोरं असे अँप बनवतात, त्यांच्यापैकी ज्यांनी पिन काढली असेल त्यांनी प्लग आणि अँप घेऊन उद्यमनगरात यावं. सोमवार सोडून कधीही. पिन बसवून देईन, डेथ कॅप असेल तर कापून देईन आणि तारा ते माइक किती व्होल्ट आहेत ते त्यांच्यासमोर मोजून दाखवीन. याचे पैसे घेणार नाही.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक मोटर रिवाइंडर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर